अकरावीतील मानसशास्त्र : उरलेला विषय की निवडलेला विषय?

दहावीचा निकाल लागला की आपल्या समाजातील डॉक्टरांकडे एका वेगळ्याच प्रकारचा सल्ला मागितला जातो. ताप-खोकल्याची चौकशी बाजूला राहते आणि गुणपत्रिकेची झेरॉक्स टेबलावर येते. ‘साहेब, सायन्स घेऊ द्यावे की कॉमर्स?’ हा प्रश्न आपल्या परिचयाचा आहे. अलीकडे मात्र एखादी मुलगी किंवा मुलगा आई-वडिलांच्या शेजारी बसून हळूच सांगतो, ‘मला सायकॉलॉजी घ्यायचे आहे.’ वडिलांच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह उमटते. ‘म्हणजे वेड्यांचा डॉक्टर व्हायचे का?’ आईला दुसरीच चिंता असते, ‘मार्क तर इतके चांगले आहेत, मग आर्ट्सचा विषय कशाला?’ आणि तिघेही आपल्याकडे पाहू लागतात.

अशा वेळी आपण दिलेले उत्तर दोन मिनिटांचे असते, पण त्याचा परिणाम त्या मुलाच्या पुढील दोन वर्षांवर आणि कदाचित आयुष्यावर होतो. त्यामुळे हा विषय नेमका काय आहे, शाळेत त्यात काय शिकवतात, त्याचा उपयोग कोणता आणि मर्यादा कोणत्या, हे आपण डॉक्टरांनी आणि पालकांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे. या लेखाचा हेतू एवढाच आहे.

मन आपल्याला परके नाही, पण…

मनाचा विचार मराठी माणसाला नवा नाही. समर्थ रामदासांचे २०५ मनाचे श्लोक आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या म्हटले गेले. खानदेशातून तापीकाठच्या रेल्वेने सुरतेस येऊन उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत स्थिरावलेल्या कुटुंबांना बहिणाबाई चौधरींनी मनावर कविता लिहिली आहे हे सांगावे लागत नाही. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण तर रोजच्या बोलण्यातली.

परंतु उपदेश आणि शास्त्र यांत फरक आहे. संत मनाने कसे वागावे हे सांगतात. मानसशास्त्र, मन आणि वर्तन प्रत्यक्षात कसे चालते हे निरीक्षणाने, प्रयोगाने आणि मोजमापाने तपासून पाहते. पहिल्याची जागा दुसरे घेत नाही आणि दुसऱ्याचे काम पहिल्याने होत नाही. हा फरक लक्षात आला, की मानसशास्त्र म्हणजे दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची विद्या किंवा गोड बोलण्याची कला, हे दोन्ही समज गळून पडतात.

या शास्त्राचे मूळ वैद्यकात

आपण डॉक्टरांनी या विषयाकडे परक्याच्या नजरेने पाहणे तर अधिकच आश्चर्याचे आहे. १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा स्थापन करणारे विल्हेल्म वुंट हे वैद्यकाचे पदवीधर होते. अमेरिकेत या विषयाचा पाया घालणारे विल्यम जेम्स यांनीही हार्वर्डमधून वैद्यकाचीच पदवी घेतली होती. अभिसंधानाचा सिद्धांत मांडणारे इव्हान पाव्हलॉव्ह पचनसंस्थेचे संशोधक होते आणि १९०४ चे नोबेल पारितोषिक त्यांना पचनक्रियेवरील कामासाठीच मिळाले. कुत्र्याची लाळ मोजता मोजता ते शिकण्याच्या प्रक्रियेपर्यंत पोहोचले.

भारतात कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये मानसशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग सुरू झाला. १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणारे गिरींद्रशेखर बोस हेही मूळचे डॉक्टरच. आपल्या मराठी मुलखाशी तर या शास्त्राचा जवळचा संबंध आहे. फ्रान्समध्ये बिने यांनी तयार केलेल्या बुद्धिमापन कसोटीचे भारतीय मुलांसाठी रूपांतर करण्याचे काम १९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड भागात, कन्नड आणि मराठी या दोन भाषांत केले. ‘बिने-कामत कसोटी’ या नावाने ती आजही अनेक ठिकाणी वापरली जाते आणि मतिमंदत्वाच्या किंवा अध्ययन-अक्षमतेच्या प्रमाणपत्रांच्या निमित्ताने आपल्यापैकी अनेकांनी तिचा अहवाल हाताळला असेल.

पुण्यात १९६२ मध्ये डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली, ती बुद्धिमान मुलांचा शोध आणि त्यांचे शिक्षण या विचारातून. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था उभी केली. शाळकरी मुले आणि मानसशास्त्र यांची सांगड घालण्याची मराठी परंपरा अशी जुनी आहे.

शाळेत काय शिकवतात?

आपल्याकडे मुले तीन वेगवेगळ्या मंडळांच्या संपर्कात येतात. गुजरात मंडळात हा विषय ‘मनोविज्ञान’ या नावाने अकरावी-बारावीच्या सामान्य प्रवाहात आहे. विज्ञान प्रवाहातील ए, बी किंवा एबी गटात त्याला जागा नाही. केंद्रीय मंडळाच्या शाळांत तो ऐच्छिक विषय आहे आणि शाळेने सोय केली असल्यास विज्ञानाचा विद्यार्थीही तो घेऊ शकतो. तेथे ७० गुण लेखी परीक्षेला आणि ३० गुण प्रात्यक्षिकाला असतात. महाराष्ट्रात कनिष्ठ महाविद्यालयांतून ‘मानसशास्त्र’ शिकवले जाते. म्हणून धुळ्याच्या मावसबहिणीचे ‘मानसशास्त्र’ आणि सुरतेच्या भावाचे ‘मनोविज्ञान’ हे दोन विषय नसून एकच आहे, हे पालकांना सांगावे लागते.

अभ्यासक्रमात अध्ययन, स्मृती, विचारप्रक्रिया, प्रेरणा आणि भावना, मानवी विकास, बुद्धी, व्यक्तिमत्त्व, ताणतणाव, मानसिक विकार आणि उपचारपद्धती, अभिवृत्ती, समूहाचे वर्तन अशी प्रकरणे असतात. पण त्याहून महत्त्वाचे आहे ते ‘अभ्यासपद्धती’ हे प्रकरण. निरीक्षण, प्रयोग, मुलाखत, सर्वेक्षण, व्यक्ति-अभ्यास यांपैकी कोणती पद्धत कोठे वापरावी आणि तिच्यावर किती विश्वास ठेवावा, हे सोळा वर्षांचे मूल येथे प्रथम शिकते. दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे वैद्यकात पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पुन्हा पुन्हा शिकवावे लागणारे तत्त्व त्याला अकरावीतच भेटते.

एक उदाहरण पाहू. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नातील क्रियापद मात्र गटागटाने बदलले. गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता, असे ज्यांना विचारले त्यांनी सरासरी ताशी ४० मैलांच्या पुढे सांगितला. नुसत्या ‘टेकल्या’ अशा अर्थाचा शब्द ज्यांनी ऐकला, त्यांचे उत्तर ३२ मैलांच्या आसपास होते. चित्रफीत तीच होती, बदलला होता केवळ एक शब्द. ‘छातीत खूप दुखते ना?’ असे विचारणारा डॉक्टर आणि ‘काय होते आहे?’ असे विचारणारा डॉक्टर यांना वेगवेगळी हकिकत का मिळते, हे यावरून उमगते. वैद्यकीय अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचे शिक्षण समाविष्ट झाले, त्यामागेही हीच जाणीव आहे.

दुसरे उदाहरण विद्यार्थ्यांच्या थेट उपयोगाचे आहे. हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये विस्मरणाचा आलेख मांडला. पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने आणि पुढे सावकाश विसरले जाते, हे त्यातून दिसले. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी दाखवले, की एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो वाचून नंतर पुस्तक मिटून आठवणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर अधिक राहते. रात्र रात्र वाचूनही पेपरात आठवत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मुलाला स्मरणशक्तीचे टॉनिक लिहून देण्याऐवजी आपण हे सांगू शकतो.

सुरतेतील मराठी मूल आणि भाषेचा प्रश्न

या विषयात आपल्या समाजापुढे एक खास अडचण आहे, आणि तीच एक संधीही आहे. घरी मराठी किंवा अहिराणी, गल्लीत हिंदी, शाळेत गुजराती आणि पुढे इंग्रजी, असा आपल्या मुलांचा प्रवास असतो. महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांत मराठी माध्यमही आहे, पण तेथे शिकलेल्या अनेक मुलांना पुढे कधीतरी भाषा बदलावी लागते. गणिताचे सूत्र भाषा बदलल्याने बदलत नाही. ‘हुरहुर’, ‘धास्ती’, ‘कानकोंडे होणे’ या भावना मात्र दुसऱ्या भाषेत सांगताना हातून निसटतात.

साध्या रंगांच्या नावांचे पाहा. गुजरातीत ‘लीलो’ म्हणजे हिरवा, पण मराठी कानाला तो ‘निळा’च्या जवळचा वाटतो. गुजरातीत ‘भूरो’ म्हणजे निळा, तर हिंदीत ‘भूरा’ म्हणजे तपकिरी. नव्याने गुजराती माध्यमात गेलेल्या मुलाने भूरो रंग विचारल्यावर तपकिरी खडू उचलला, तर तो मंदबुद्धी ठरतो का? अर्थातच नाही. चूक मुलाची नसून प्रश्नाच्या भाषेची आहे. म्हणूनच कोणतीही कसोटी ज्या मुलांवर वापरायची, त्यांच्या भाषेत आणि परिसरात ती पुन्हा प्रमाणित करून घ्यावी लागते. कामतांनी कन्नड आणि मराठी मुलांसाठी केले ते हेच काम.

वर्गात करता येण्याजोगा एक प्रयोग येथे सुचवावासा वाटतो. १९३५ मध्ये जॉन रिडली स्ट्रूप यांनी तो प्रसिद्ध केला. एका कागदावर वेगवेगळ्या रंगांचे चाळीस चौकोन काढावेत. दुसऱ्यावर रंगांची चाळीस नावे लिहावीत, पण शाई वेगळ्या रंगाची वापरावी, म्हणजे ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईने. दोन्ही वेळा केवळ दिसणारा रंग सांगायचा आणि घड्याळ लावून वेळ मोजायचा. दुसऱ्या कागदाला जास्त वेळ लागतो, कारण सराव झालेले वाचन थांबवू म्हटले तरी थांबत नाही. आता हीच नावे मराठीत, मग गुजरातीत, मग इंग्रजीत लिहून पाहावीत. ज्या भाषेत वाचनाचा सराव अधिक, तेथे अडथळा सामान्यतः अधिक येतो. मुलाची सवयीची भाषा कोणती, याचा अंदाज एका स्टॉपवॉचने येऊ शकतो. चार भाषांत वाढणारी आपली मुले हा प्रयोग जितक्या सहजतेने करू शकतील, तितक्या सहजतेने एकभाषक शहरातील मुले करू शकणार नाहीत.

१९९४ ची आठवण

समूहाचे वर्तन हे प्रकरण सुरतकरांना पुस्तकातून शिकण्याची फारशी गरज नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये येथे फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली आणि काही दिवसांतच लाखो लोकांनी शहर सोडले. स्टेशनवर आणि बसथांब्यांवर माणसांचे लोंढे उसळले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. वैद्यकीय व्यवसायातील काही जणही शहराबाहेर गेले आणि काही जण जिवाची पर्वा न करता रुग्णसेवेत राहिले. देशभरातील मृत्यूंची अधिकृत संख्या अखेरीस शंभरीच्या आतच राहिली, परंतु भीतीने हलवलेली माणसे त्याच्या हजारो पट होती.

त्या माणसांना मूर्ख म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मानसशास्त्र शिकलेला विद्यार्थी वेगळे प्रश्न विचारतो. खात्रीची माहिती मिळत नाही तेव्हा माणूस शेजाऱ्याच्या कृतीलाच माहिती मानतो का? शेजारचे कुटुंब बिछाना बांधताना दिसले, तर आपणही बांधावा असे का वाटते? अफवेपाठोपाठ अधिकृत खुलासा आला, तरी त्यावर विश्वास कधी बसतो आणि कधी बसत नाही? १९९५ नंतर आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात शहराची स्वच्छता झाली आणि रोगाच्या कारणांवर उपाय झाला. घबराटीची कारणे समजून घेणारी पिढी मात्र वर्गातच घडवावी लागते. २०२० च्या कोरोनाकाळात मजुरांच्या आणि कारागिरांच्या स्थलांतराने तीच गरज पुन्हा दाखवून दिली.

पणाला काय लागले आहे?

बंगळूरच्या निमहान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात साधारण तिघे. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केस्लर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात, आयुष्यात केव्हा तरी होणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत झालेली दिसली. म्हणजे आपल्या दवाखान्यात पोटदुखी, डोकेदुखी, थकवा घेऊन येणाऱ्या आणि सर्व तपासण्या सामान्य निघणाऱ्या किशोरवयीन मुलांपैकी काहींचे दुखणे वेगळेच असते. ते मूल खोटे बोलत नसते. त्याच्यापाशी दुसरा शब्दच नसतो, म्हणून ते ‘पोट दुखते’ एवढेच सांगते.

दोन वर्षे मानसशास्त्र शिकलेल्या मुलाकडे हा शब्द असण्याची शक्यता अधिक. शेजारच्या बाकावरचा मित्र महिनाभर झोपत नाही, खेळायला येत नाही, ‘आता कशात अर्थ नाही’ असे म्हणतो, तेव्हा तो नाटक करीत नसून त्याला मदतीची गरज आहे, हे तो ओळखू शकतो. आणि मोठ्या माणसाला सांगणे म्हणजे चहाडी नव्हे, हेही.

मात्र येथे एक इशारा दिलाच पाहिजे. हा विषय म्हणजे उपचार नव्हे. स्वतःला त्रास होतो म्हणून मूल हा विषय घेऊ पाहत असेल, तर त्याला प्रथम तज्ज्ञाकडे न्यावे, विषयाची निवड नंतर करावी. विकारांचे प्रकरण वाचले, की प्रत्येक लक्षण आपल्यालाच आहे असे वाटू लागते. वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षी आपणही त्यातून गेलो आहोत. शाळेतील प्रात्यक्षिकाची कसोटी ही पद्धत शिकण्यासाठी असते, मैत्रिणीवर ‘डिप्रेशन’चा शिक्का मारण्यासाठी नसते. मानसशास्त्राचे शिक्षक हे समुपदेशक असतीलच असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असणे अपेक्षित आहे. आपल्या मुलांच्या शाळेत अशी व्यवस्था आहे का, हे पालकसभेत अवश्य विचारावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक तर प्रत्येक दवाखान्यात लावण्याजोगा आहे.

पुढचा मार्ग

पालकांचा शेवटचा प्रश्न नेहमी व्यवहाराचा असतो, आणि तो रास्तही आहे. मानसोपचारतज्ज्ञ व्हायचे असेल तर एमबीबीएस आणि त्यानंतर मानसोपचार विषयातील पदव्युत्तर शिक्षण हाच मार्ग आहे. त्यासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र अनिवार्य आहेत, मानसशास्त्र त्यांची जागा घेऊ शकत नाही. केंद्रीय मंडळाच्या ज्या शाळांत सोय आहे, तेथे या तिन्हींबरोबर इंग्रजी आणि पाचवा विषय म्हणून मानसशास्त्र घेता येते. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ व्हायचे असेल तर मानसशास्त्रात पदवी आणि पुढील शिक्षण घेऊन, भारतीय पुनर्वास परिषदेने मान्यता दिलेला व्यावसायिक अभ्यासक्रम आणि तिची नोंदणी लागते. केवळ बी.ए. झाल्यावर किंवा आठवड्याच्या शिबिरातील प्रमाणपत्रावर कोणी उपचार करू शकत नाही, हे पालकांना पहिल्याच भेटीत सांगावे. शाळा, उद्योग, क्रीडा, मनुष्यबळ, संशोधन ही क्षेत्रेही खुली आहेत, पण बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर शिक्षणाची तयारी हवी. बारावीत हा विषय नसला तरी पदवीला तो घेणे अनेक विद्यापीठांत शक्य असते, त्यामुळे ज्याला आज संधी मिळाली नाही त्याने निराश होण्याचे कारण नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यातील भिंती कमी करण्याचा विचार मांडला आहे. तो प्रत्यक्ष शाळांत कितपत उतरतो, हे पालकांच्या मागणीवरही अवलंबून राहील.

आपल्या संस्थेलाही येथे करण्यासारखे बरेच आहे. निकालाच्या दिवसांत एक सायंकाळ या विषयासाठी ठेवून मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि शिक्षक यांना एकत्र बसवता येईल. अभ्यासक्रमातील शंभर संज्ञांची मराठी-गुजराती-इंग्रजी अशी छोटी पुस्तिका तयार केली, तर माध्यम बदललेल्या मुलांना तिचा मोठा आधार होईल. आणि खर्च नसलेली तिसरी गोष्ट म्हणजे, हा विषय मागणाऱ्या मुलाला ‘का?’ असे विचारून त्याचे उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकणे.

पुढच्या जूनमध्ये पुन्हा गुणपत्रिका घेऊन कोणी आपल्यासमोर बसेल. ‘गुण कमी आहेत म्हणून हा विषय’ असे उत्तर आले, तर त्याला थांबवावे, कारण आकडेमोड, प्रयोग आणि भरपूर वाचन यांपासून येथे सुटका नाही. ‘गुण चांगले आहेत म्हणून हा विषय नको’ असे पालक म्हणाले, तर त्यांनाही थांबवावे. मुलाला माणसे अशी का वागतात याचे खरोखर कुतूहल असेल आणि पुरावा तपासण्याची तयारी असेल, तर आपण डॉक्टर म्हणून निःशंकपणे सांगावे, ‘घेऊ द्या, हा आमच्याच शास्त्राचा भाऊ आहे.’